शेवग्याखालचा कुत्रा

“वहिनी, कुत्रं धरा!”

फाटकाबाहेरून कोरेअण्णांचा आवाज आला तेव्हा मी मशीनवर बसले होते. लग्नसराईचे दिवस, पुढ्यात ब्लाउजांचा ढीग, आणि हातातल्या बाहीची एक टीप राहिलेली. मी मान वर न करता नेहमीचंच उत्तर दिलं.

“काही करत नाही हो तो! या बिनधास्त!”

“रजिस्टर आहे वहिनी, सही पाहिजे. त्याला धरा, नाहीतर तुम्ही तरी बाहेर या.”

“अहो, या की! सहा वर्षं बघताय त्याला. नुसता भुंकतो.”

फाटकाची कडी वाजली. माझी टीप संपली, मी दोरा तोडला, आणि तेवढ्यात अण्णांची आरोळी आली. अशी आरोळी मी त्या माणसाची कधी ऐकली नव्हती. धावत बाहेर गेले, तर आमच्या कप्ताननं त्यांची पोटरी धरली होती.

मी पट्टा ओढला, पाठीत दोन रट्टे घातले, तेव्हा कुठे त्यानं सोडलं. खाकी पँट फाटली होती आणि रक्त चपलेपर्यंत आलं होतं. पिशवी पडून पत्रं अंगणभर झाली होती. हा माणूस पायाकडे न बघता आधी वाकून पत्रं गोळा करत बसला. सगळी मोजून पिशवीत गेली, मग त्यांनी माझं पाकीट पुढं केलं.

“आधी सही करा,” म्हणाले.

ते पाकीट माझंच होतं. शिवणकामाच्या परीक्षेचं सर्टिफिकेट. तीन महिने त्याची वाट बघत होते, रोज अण्णांना फाटकातून विचारत होते, ‘आलं का, आलं का?’ ते घेऊन आले आणि माझ्याच दारात चावून घेतलं.

हे सगळं बार्शीतलं, शहाऐंशी सालचं. आमची कॉलनी तेव्हा गावाबाहेर होती, चाळीसेक घरं आणि प्रत्येक दुसऱ्या घरात कुत्रं. आमचे हे एसटी डेपोत मेकॅनिक होते. डेपोतून उरलेला लाल रंग आणून ह्यांनी फाटकावर झोकात पाटी रंगवली होती, ‘कुत्र्यापासून सावध राहा’. पाटी लावली की आपलं काम संपलं, असं आम्हाला वाटायचं. अण्णा एकदा हसत म्हणालेही होते, “वहिनी, ही पाटी वाचून चोर परत जाईल. मला परत जायची सोय कुठाय?” मीही हसले होते. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

तर अण्णा नळावर पाय धुवत होते. मी साबण दिला. तोवर शेजारच्या ढगेबाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. रिटायर्ड हेडमास्तरीण. अख्ख्या कॉलनीला अजून शाळाच समजायच्या.

“मी शंभरदा सांगितलं होतं, त्याला बांधत जा म्हणून,” त्या म्हणाल्या. “आता भोगा!”

अण्णांनी पायावरचा फेस धुतला आणि माझ्याकडे बघितलं. चेहरा पांढरा पडला होता.

“वहिनी, टोचलंय ना ह्याला?”

कप्तानला शेवटचं टोचून दोन वर्षं झाली होती. आधी दरवर्षी हे त्याला जनावरांच्या दवाखान्यात न्यायचे. मग एका वर्षी राहिलं, दुसऱ्या वर्षी विसरलं. हे मला चांगलं ठाऊक होतं. पण कुंपणापलीकडे ढगेबाई कान टवकारून उभ्या होत्या.

“हो तर!” मी म्हणाले. “दरवर्षी टोचतो. यंदाही टोचलंय.”

अण्णांनी मोठा श्वास सोडला.

ह्यांना डेपोतून बोलावून घेतलं. ह्यांनी अण्णांना लुनावर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. तासाभरानं आले ते थेट स्वयंपाकघरात.

“तू टोचलंय म्हणून सांगितलंस?”

“मग काय सांगू? ढगेबाई उभ्या होत्या तिथे.”

“डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं. अण्णा म्हणाले, वहिनींनी सांगितलंय. मग मीपण हो म्हणालो.”

“बरं केलंत.”

ह्यांनी पाणी प्यायलं. “टोचलेला असेल तर घाई नको म्हणाल्या. कुत्रा दहा दिवस बांधून ठेवायचा, रोज नजरेखाली. दहा दिवस धड राहिला तर काही भ्यायचं नाही. मेला, बिथरला किंवा पळाला, तर त्याच क्षणी अण्णांनी इंजेक्शनं सुरू करायची. चौदा. पोटात.”

त्या काळी ही चौदा इंजेक्शनं म्हणजे लोकांना मरणासारखीच वाटायची. बेंबीभोवती रोज एक. अण्णांच्या चुलत्यानं घेतली होती, पोट भोपळ्याएवढं सुजलं होतं म्हणे. आणि ती वेळेत घेतली नाहीत आणि कुत्रा पिसाळलेला निघाला, तर काय होतं हे सांगायला कुणाची गरज नव्हती. पाण्याला भिऊन माणूस कसा मरतो ते आमच्या माहेरच्या गावात मी लहानपणी बघितलं होतं. बघितलं होतं, तरी मी खोटं बोलले.

कप्तानला आम्ही मागच्या बाजूला शेवग्याला बांधलं. तो बांधून घ्यायच्या सवयीचाच नव्हता. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, दिवसभर ओरडला.

बाराच्या सुमाराला सायकलची घंटी वाजली. अण्णा लंगडत आले, फाटकाशी थांबले. घराच्या बाजूनं मान वाकडी करून बघितलं की शेवगा दिसायचा.

“काय म्हणतोय पेशंट?”

“हा काय, ओरडतोय.”

“ओरडू दे, ओरडू दे. खातोय ना?”

“दीड भाकरी खाल्ली.”

“मग झालं!” खिशातून त्यांनी छोटी डायरी काढली आणि तारीख घालून लिहिलं, मला दाखवलंसुद्धा: ‘कुत्रा ठीक. भाकरी दीड.’ बुधवारीही तेच. गुरुवारी म्हणाले, “वहिनी, ढगेबाई म्हणतात मला सुट्टी घ्या. सुट्टी घेऊन घरी बसलो तर बायको तोंडाकडे बघून रडत बसती. त्यापेक्षा इथं येऊन ह्याच्याकडे बघितलं की बरं वाटतं.”

मी म्हणाले, “येत जा रोज. कुठे जातोय तो!”

त्याच दिवशी दुपारी तो गेला.

तीन दिवस त्याचं विव्हळणं ऐकून माझं डोकं उठलं होतं. दोरी चावून चावून हिरड्यांतून रक्त आलं होतं त्याच्या. मला कीव आली. आता आणखी खोटं कशाला बोलू, कीव आली आणि कटकटही झाली. म्हटलं, फाटक बंद आहे, पाच मिनिटं मोकळा सोडू, आवारात फिरेल. सोडला. मी पुन्हा मशीनवर बसले. तेवढ्यात एक बाई ब्लाउज न्यायला आली आणि फाटक लोटून आत आली. लोटलं, पण कडी घातली नाही. तिला बटणं दाखवून मी बाहेर येते तर अंगणात कुणी नाही.

ह्यांनी त्या संध्याकाळी अख्खी बार्शी पालथी घातली. मार्केट यार्ड, लाइट रेल्वेचं स्टेशन, खाटकांची आळी. ‘तांबूस रंग, गळ्याखाली पांढरा, काळा पट्टा’ असं सांगत फिरले. कुणी म्हणालं कुर्डुवाडी रोडला दिसला, कुणी म्हणालं दिसलाच नाही. पहाटे उठून पुन्हा जाऊन आले. हात हलवत.

चहा घेताना मी म्हणाले, “अण्णांना सांगू या.”

“सांगू. मिळाला नाही तर सांगूच की,” हे म्हणाले. “पण आज मिळाला तर उगाच त्या माणसाला चौदा सुया टोचायच्या? आणि सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. टोचलेला नव्हता ते पण. मी सरकारी दवाखान्यात सांगितलंय, माझी सही आहे त्या कागदावर. उद्या त्यानं कंप्लेंट केली तर माझी नोकरी जाईल.”

मी कप उचलले. मग ह्यांनीच ती गोष्ट काढली.

“वैरागला मुकादम आहे की.”

मुकादम म्हणजे कप्तानचा सख्खा भाऊ. माझ्या नणंदेच्या शेतावर दोघं एकाच वेताचे जन्मले. एक आम्ही आणला, एक तिनं ठेवला. रंग तोच, गळ्याखालचा पांढरा डाग तोच. जवळ ठेवून बघितलं तर मुकादमाचं तोंड जरा आखूड. पण फाटकातून वाकून बघणाऱ्याला काय कळणार?

“अहो, भलतंच काय!”

“दोन-तीन दिवस फक्त. तोवर आपला मिळेल.”

मी नको म्हणाले नाही. हे मी मुद्दाम सांगतेय. नंतर आमच्या घरात पुष्कळदा हे सगळं ह्यांच्या नावावर गेलं, आणि मी जाऊ दिलं. पण कप्तानचा जुना पट्टा पेटीतून शोधून मीच काढून दिला.

हे पहिल्या गाडीनं वैरागला गेले आणि ओळखीच्या ड्रायव्हरच्या केबिनमधून मुकादमाला घेऊन साडेदहाला परत आले. आम्ही त्याला शेवग्याला बांधलं. बिचारा गरीब कुत्रा. बसला निमूट.

बाराला घंटी वाजली.

“आज आवाज नाही पेशंटचा?”

“दमलाय ओरडून ओरडून.”

अण्णांनी वाकून बघितलं. मुकादम पाठ करून बसला होता. अण्णांनी “यूऽ यूऽ” केलं, त्यानं कान हलवले.

“जेवला का?”

“दोन भाकऱ्या.” हे मात्र खरं होतं.

त्यांनी डायरीत लिहिलं. शनिवारीही लिहिलं. दोन्ही दिवस ह्यांचा कप्तानला शोधायचा धडाका चालूच होता आणि कप्तान मिळत नव्हता. रात्र झाली की एकच हिशेब चालायचा. चावल्याला पाच दिवस झाले. सहा झाले. कप्तान कुठेतरी लाळ गाळत फिरत असेल का? की मजेत उकिरडे फुंकत असेल? काहीच कळायला मार्ग नव्हता, आणि इकडे अण्णा एका निरोगी कुत्र्याकडे बघून निर्धास्त होते. ह्यांना बोलले की म्हणायचे, “सोमवारपर्यंत थांब.”

रविवारी टपाल नसतं, म्हणून मी जरा निवांत होते. सकाळी दहाला फाटक वाजलं. बघते तर अण्णा. खाकी नाही, धोतर आणि पांढरा सदरा, कपाळाला भस्म. सोबत एक ठेंगणी बाई, हातात पूजेची टोपली.

“ही आमची गिरिजा,” अण्णा म्हणाले. “महादेवाला गेलो होतो. म्हणाली, मला बघायचाय तो कुत्रा. म्हटलं चल. वहिनी, चालेल ना?”

हे पेपर वाचत होते ते उठून उभे राहिले. “या ना, या. बसा, चहा...”

“चहा नको,” गिरिजाबाई म्हणाल्या. “आधी त्याला बघते.”

आम्ही दोघं काही बोलायच्या आत ते दोघं घराला वळसा घालून मागे गेलेसुद्धा. आम्ही पाठोपाठ. फाटकातून बघणं वेगळं होतं, आता अण्णा चार हातांवर उभे होते. मुकादम उठला. त्यानं अण्णांचा वास घेतला आणि शेपटी हलवायला लागला. नुसती शेपटी नाही, अख्खं अंग हलवत होता. माणसं आली म्हणून हरखून गेला होता बिचारा.

अण्णा बघतच राहिले. मग मोठ्यानं हसले.

“बघा! बघा वहिनी! सहा वर्षं माझ्यावर भुंकला आणि एका चाव्यात दोस्ती झाली की हो! गिरिजा, बघ, पिसाळलेलं असं करतंय का कुठं?”

गिरिजाबाईंनी टोपलीतून खोबऱ्याचा तुकडा काढला आणि त्याच्यापुढं ठेवला. त्यानं तो चटकन खाल्ला. त्या बाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या कुत्र्याला दोन्ही हात जोडले.

“बाबा रे,” त्या म्हणाल्या, “आणखी चार दिवस असाच धड राहा. मग काय तुझं व्हायचं ते होऊ दे. माझ्या दोन पोरी लग्नाच्या आहेत.”

आणि वाकून त्याच्या पुढ्यात जमिनीला हात लावून नमस्कार केला.

मला पुढचं काही आठवत नाही, म्हणजे मी ठरवून काही केलं असं आठवत नाही. तोंडातून गेलंच.

“अण्णा, हा तो कुत्रा नाही.”

“ए!” हे ओरडले.

“हा तो नाही. हा त्याचा भाऊ. वैरागहून आणलाय. कप्तान गुरुवारी पळाला. मी सोडला होता.”

अण्णांच्या तोंडावर हसू अजून तसंच होतं. त्यांना कळलंच नव्हतं.

“म्हणजे?”

“म्हणजे तो कुठे आहे, कसा आहे, काही ठाऊक नाही. आणि...” मी एकदाचं बोलून टाकलं, “त्याला टोचलेलं नव्हतं. दोन वर्षं नव्हतं टोचलेलं.”

मुकादम खोबरं अजून मिळतंय का बघत टोपली हुंगत होता. गिरिजाबाईंनी टोपली झटक्यात वर उचलली.

“माझ्या कुंकवाशी खेळलात हो तुम्ही,” त्या म्हणाल्या. “बाईमाणूस असून.”

मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर त्या दोन पावलं मागे सरल्या.

अण्णा चिडतील, शिव्या देतील, ह्यांच्या अंगावर जातील असं वाटलं होतं. तसं केलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून ती डायरी काढली, शुक्रवार-शनिवारचं पान उघडलं आणि बराच वेळ बघत राहिले.

“वहिनी,” ते म्हणाले, “बावीस वर्षं झाली मला नोकरीला. तुमच्या ह्या कॉलनीत तीन गायकवाड आहेत, त्यात दोन दत्तात्रय. पण ह्याचं पत्र मी कधी त्याच्या हातात दिलं नाही. एकदाही नाही. आणि तुम्ही मला एकाच्या जागी दुसरा दाखवलात?”

त्यांनी डायरी माझ्यापुढं धरली.

“मी लिहून घेतलं की हो,” ते म्हणाले. “तुम्ही सांगितलं तसं लिहून घेतलं.” आणि तेव्हा त्यांचा आवाज फुटला.

ह्यांनी लुना काढली. रविवार होता, दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना क्वार्टरमधून बोलावून आणावं लागलं. मी आणि गिरिजाबाई रिक्षानं मागून गेलो. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुमचं शिक्षण किती?”

“मॅट्रिक,” मी म्हणाले.

“वाटलं नव्हतं,” म्हणाल्या, आणि सुई भरायला वळल्या.

पहिलं इंजेक्शन त्या दिवशी झालं. त्यापुढचे तेरा दिवस हे रोज सकाळी सातला अण्णांच्या घरी जायचे, त्यांना लुनावर बसवून दवाखान्यात न्यायचे आणि परत सोडायचे. अण्णा मागे बसायचे, पण ह्यांच्याशी बोलायचे नाहीत. ह्यांनी मला एकदाच सांगितलं, “खड्डा आला की पोट धरतात. मी हळू चालवतो.” अण्णांनी नोकरीवर कंप्लेंट केली नाही, कुठेच केली नाही. का नाही केली, ते विचारायची आमची छाती झाली नाही.

मी मुकादमाला परत पाठवलं. पाटी उचकटून चुलीत घातली. ह्यांनी डेपोतल्या पत्र्याची पेटी करून आणली, ती फाटकाच्या बाहेरच्या बाजूला ठोकली. मग मी कॉलनीत घरोघरी गेले. ज्या ज्या घरी कुत्रं होतं, त्या प्रत्येक दारात उभी राहिले आणि आमच्याकडे काय झालं ते सांगितलं. पळालेला, बदललेला, टोचलेला नसलेला, सगळं. काही बायकांनी तोंडाला पदर लावला. काहींनी माझ्याकडे शिवायला टाकलेले कपडे परत मागितले. पण मी म्हणायची, “मला काय म्हणायचं ते म्हणा, पण बारा ते एक कुत्रं बांधा. आणि ‘काही करत नाही’ असं पोस्टमनला सांगू नका. मीपण तेच सांगत होते.”

शेवटी ढगेबाईंकडे गेले. त्यांच्याकडे कुत्रं नव्हतं. पण त्यांच्यासमोर खोटं बोलले होते म्हणून गेले.

त्यांनी सगळं ऐकलं. ओरडतील म्हणून मी मान खाली घालून उभी होते. त्या म्हणाल्या, “पावणेबाराला मी घंटा वाजवत जाईन. माझ्याकडे शाळेची आहे.”

आणि खरोखर त्या वाजवायला लागल्या. पावणेबाराला पितळी घंटा, की कॉलनीभर दोऱ्या, साखळ्या. नवे भाडेकरू आले की त्यांना वाटायचं, आरती आहे.

चौदा इंजेक्शनं झाली. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, उशिरा सुरू झालीत, काही महिने जरा लक्ष ठेवा. अण्णा आठवड्यानं कामावर आले. आमच्या फाटकाशी सायकल थांबवायचे, मान वाकडी करून शेवग्याकडे बघायचे, मगच पत्र पेटीत टाकायचे. रोज. तिथं काही नव्हतं, नुसता दोरीचा वळ पडलेला बुंधा, तरी बघायचे.

मी पाण्याचा तांब्या घेऊन फाटकाशी जायची. “अण्णा, पाणी.” ते मान हलवून पुढे जायचे आणि ढगेबाईंच्या ओट्यावर बसून पाणी प्यायचे. मी खिडकीच्या पडद्याआड उभी राहून बघायची. भांडं तोंडाला लागलं का, घोट गिळला का, दचकले तर नाहीत ना. त्यांनी भांडं रिकामं करून पालथं ठेवलं की मी मशीनवर जाऊन बसायची. असं एक वर्षभर चाललं. ह्यांना ठाऊक नव्हतं. ढगेबाईंना असावं, कारण त्या अण्णांना हटकून माझ्या खिडकीसमोरच बसवायच्या.

कप्तान मिळाला नाही. मेला, की कुणाच्या शेतावर म्हातारा झाला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यामुळे ती चौदा इंजेक्शनं लागणार होती की नव्हती, तेही कुणाला कळलं नाही.

सर्टिफिकेट मी कधी भिंतीवर लावलं नाही. त्याच्या पाकिटावर एका कोपऱ्याला रक्ताचं बोट उमटलंय.

त्यानंतर नऊ वर्षं अण्णा आमच्या बीटवर होते. फाटकाच्या आत कधी आले नाहीत. रजिस्टर असलं की घंटी वाजवायचे, मी बाहेर जाऊन सही करायची. दोन्ही पोरींच्या लग्नाच्या पत्रिका त्यांनी कॉलनीभर वाटल्या. आमच्या पेटीतही टाकल्या. आम्ही गेलो, आहेर दिला, मागच्या पंगतीत जेवून आलो. गिरिजाबाईंनी कुंकू लावलं, बोलल्या नाहीत.

रिटायर व्हायच्या दिवशी ते बाराला आले. ढगेबाईंची घंटा झाली होती, कॉलनीतली कुत्री बांधलेली होती. अण्णांचे केस पांढरे झाले होते, सायकल तीच. पेटीत टाकायला काही नव्हतं त्या दिवशी आमचं. तरी ते थांबले. मी बाहेर गेले.

“आज शेवटचा दिवस, वहिनी.”

“हो, कळलं. अण्णा...” नऊ वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं ते विचारलं, “आत येता का?”

त्यांनी सायकल कुंपणाला टेकवली. फाटकाच्या कडीवर हात ठेवला आणि थांबले.

“कुत्रं आहे का आत?”

त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्याइतकं कॉलनीतल्या कुत्र्यांचं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

“नाही,” मी म्हणाले. “त्यानंतर नाही पाळलं.”

त्यांनी कडी काढली. शेवग्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ चालत ओट्यावर आले आणि टोपी काढून बसले.

“चहा ठेवते,” मी म्हणाले.

“चहा मागनं,” अण्णा म्हणाले. “आधी पाणी द्या.”